बाप्तिस्म्यानंतरचे दिवस : मराठी ख्रिस्ती समाजाच्या दैनंदिन जीवनातील श्रद्धानिष्ठेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धर्मांतराचा इतिहास लिहिताना बहुधा एका दिवसाचाच इतिहास लिहिला जातो. बाप्तिस्मा कोणी, कोठे व कोणाच्या हस्ते घेतला, त्यामुळे ज्ञातीत किती खळबळ उडाली, कोणता खटला उभा राहिला, वृत्तपत्रांनी काय लिहिले, या बाबींची नोंद तपशिलाने केली जाते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्या व्यक्तीने पाणी कोठून आणले, चूल कोणाबरोबर मांडली, गावाने नेमून दिलेले काम केले की नाकारले, सणाच्या दिवशी ती कोठे उभी राहिली आणि रात्री दिवा लावल्यावर कोणत्या भाषेत, कोणत्या चालीवर प्रार्थना म्हटली, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक श्रद्धेची कसोटी लागते ती याच ठिकाणी.

नव्या करारातील एक बारकावा या संदर्भात लक्षणीय आहे. आपापला वधस्तंभ उचलून मागे येण्याचे येशूचे आवाहन मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आले आहे. तथापि ‘दररोज’ हा शब्द केवळ लूककृत शुभवर्तमानात आढळतो. त्या एका शब्दाने आत्मसमर्पणाचा अर्थ पालटतो. एका वेळी प्राण देणे आणि रोज थोडेथोडे स्वतःला देत राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणी आहे ती त्या दिवसापुरत्या भाकरीची. ख्रिस्ती धर्मजीवनाचे हे नित्याचे परिमाण महाराष्ट्राच्या भूमीवर कसे आकारास आले, त्यास कोणत्या अडचणी आल्या आणि त्यांना मराठी ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनी कोणते उत्तर दिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) मराठी ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धानिष्ठेचा विचार अन्न, पाणी, श्रम, कुटुंब व उपासना या दैनंदिन क्षेत्रांच्या आधारे करणे.
२) व्यक्तीची श्रद्धानिष्ठा व मिशनसंस्थेशी असलेली बांधिलकी यांतील फरक स्पष्ट करणे.
३) मराठी भक्तिपरंपरेने ख्रिस्ती उपासनेस दिलेल्या रूपाचे महत्त्व पाहणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. तेथपासून लक्ष्मीबाई टिळक यांच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे १९३६ पर्यंतचा काळ प्रामुख्याने विचारात घेतला असून आवश्यक तेथे त्यामागील व पुढील घटनांचाही उल्लेख केला आहे.

मराठवाड्याची पार्श्वभूमी : नित्यकर्मातील भक्ती

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात होता. याच जिल्ह्यातील नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांनी नामदेवांना, देव एकाच ठिकाणी कोंडलेला नाही, हा बोध दिल्याची कथा सर्वश्रुत आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे ही दासीची कामे करीत असता विठ्ठल आपल्या शेजारी बसून हातभार लावतो, हा जनाबाईंचा अनुभव मराठी मनात खोलवर रुजला आहे.

या परंपरेचा प्रस्तुत विषयाशी संबंध निकटचा आहे. कामधंदा सोडून देवाकडे जाण्यापेक्षा कामातच देव पाहावा, ही शिकवण मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत अनेक शतके चालत आली होती. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स भांडी घासताना ईश्वराचे सान्निध्य अनुभवीत. युरोपात त्यांची शिकवण अपूर्व मानली गेली. मराठी श्रोत्याला मात्र जात्यावर बसलेल्या जनाबाईंमुळे हा विचार आधीच परिचित होता. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला नित्य भक्तीची कल्पना नव्याने शिकण्याची गरज नव्हती. त्याच्यापुढे प्रश्न होता तो निराळाच. ज्या जातिव्यवस्थेत त्याचे काम, पाणी व पंगत ठरलेली होती, तीत राहून नव्या श्रद्धेशी प्रामाणिक कसे राहावे, हा तो प्रश्न होय.

उपासनेच्या भाषेचा प्रश्न : ख्रिस्तपुराण

हा प्रश्न सर्वप्रथम भाषेच्या रूपाने पुढे आला. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टी प्रांतातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी त्याच्या निर्मितीचे कारण दिलेले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने, पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचण्यासारखे काही का देत नाही, अशा आशयाची विचारणा केल्याचे त्यात म्हटले आहे.

ही विचारणा साधी दिसली तरी तीत मोठा अर्थ आहे. पोर्तुगीज सत्तेखाली जुने ग्रंथ गेले, जुनी देवळे गेली. रविवारची उपासना लॅटिनमध्ये होऊ लागली. मात्र घरातील संध्याकाळ रिकामी राहिली. श्रवणाची सवय असलेल्या समाजाला श्रवणासाठी काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी ते ओवी या परिचित छंदात दिले. विधींच्या सक्तीपेक्षा रोजच्या श्रवणपठणातून श्रद्धा अधिक टिकते, हे यावरून दिसून येते.

अन्न आणि पाणी : पहिली कसोटी

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मिशनकार्य वाढले, तेव्हा वादाचे केंद्र पुन्हा पुन्हा अन्नपाण्यापाशी येत राहिले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. प्रकरण न्यायालयात गेले व अल्पवयीन श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु तो ख्रिस्ती लोकांच्या घरी जेवला होता. तेवढ्यावरून त्यास ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात उभी फूट पडली. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेण्याचा पक्ष उचलून धरला व त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष पत्करला. मुलाच्या मनात कोणती श्रद्धा आहे, यापेक्षा त्याच्या पोटात कोणाचे अन्न गेले, हा प्रश्न समाजाला मोठा वाटला.

परमहंस सभेचा अनुभव याला पूरक आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त मंडळीत जातिभेद न मानणारे सुशिक्षित तरुण एकत्र येत व निषिद्ध मानलेल्या हातचे अन्न खात. मात्र हे सर्व दाराआड चाले. सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली तेव्हा १८६० च्या सुमारास सभा मोडली. या सभेचे एक सभासद बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी निराळा मार्ग निवडला. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची दीर्घ चलबिचल प्रांजळपणे नोंदविली आहे. गुप्तपणे पटलेले सत्य व उघडपणे जगलेले सत्य यांतील अंतर त्यांनी स्वतः अनुभवले होते. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या कादंबरीतही विधवांच्या रोजच्या हालअपेष्टांकडे वाचकाचे लक्ष वेधले आहे.

ख्रिस्ती मंडळीच्या आतही ही कसोटी टळली नव्हती. प्रभुभोजनाच्या विधीत एकाच भाकरीचे तुकडे व एकाच प्याल्यातील द्राक्षरस सर्वांनी घ्यावयाचा असे. अहमदनगरच्या मंडळीत ब्राह्मण व महार समाजांतून आलेली माणसे एकत्र आली. त्यामुळे धर्मशास्त्रातील समतेचे तत्त्व प्रत्यक्ष ओठांशी येऊन ठेपले. विधीच्या दिवशी एका प्याल्यातून पिणे एक वेळ साधत असे. इतर सहा दिवस एका घरी जेवणे, एकमेकांच्या मुलामुलींचे विवाह जुळविणे हे त्याहून कितीतरी कठीण ठरले. मराठी ख्रिस्ती समाजातून जातीची जाणीव पूर्णपणे नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. ही उणीव मान्य करूनच या समाजाच्या निष्ठेचे मूल्यमापन करावे लागते.

श्रम आणि जमीन : जालन्याजवळील बेथेल

नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक झाले. त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र निजामाच्या राज्यातील जालना हे होते. जालना हे हिंगोलीप्रमाणेच हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. तेथील कार्यात त्यांच्याकडे आलेले बहुसंख्य लोक मांग व महार समाजातील होते. ब्राह्मण धर्मांतरितास घर व ज्ञाती गमवावी लागे. या लोकांची अडचण वेगळी होती. त्यांना गाव सोडता येत नव्हते आणि गावगाड्यातील त्यांचे स्थानही त्यांना सोडत नव्हते.

गावकीची कामे, मेलेली जनावरे ओढणे, जत्रेत व लग्नात वाजविणे, वेशीवर राबणे या कामांच्या मोबदल्यात बलुते मिळे. यातील बहुतेक कामे गावाच्या धार्मिक व्यवहारात गुंतलेली होती. देवीच्या जत्रेत वाजवावयाचे नाही असे ठरविले तर सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्य मिळण्याची शाश्वती राहत नसे. रविवार उपासनेसाठी राखावा तर पाटलाचा सांगावा नाकारावा लागे. याचा अर्थ असा की, ज्याच्या हाती स्वतःचा दिवस नाही त्याला प्रभूचा दिवस पाळणेही अवघड होते. श्रद्धानिष्ठेस लागणाऱ्या या भौतिक आधाराचे महत्त्व शेषाद्रींनी ओळखले.

हैदराबादचे दिवाण सर सालारजंग (पहिले) यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविण्यात आले. प्रार्थनामंदिर, शाळा, विहिरी व शेती अशी त्याची रचना होती. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे त्यांच्यासाठी अख्खे गावच देवाचे घर ठरावे, ही या नावामागील कल्पना अर्थपूर्ण आहे. शेषाद्रींची कीर्ती परदेशातही पोहोचली. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी आपल्या भारतीय वेषात भाषण केले.

तथापि स्वतंत्र वसाहतीच्या मार्गाला मर्यादाही होत्या. वेगळे गाव वसविल्याने नव्या ख्रिस्ती कुटुंबांना संरक्षण मिळाले, परंतु शेजाऱ्यांशी असलेला संबंध विरळ झाला व मिशनवरील अवलंबन वाढले. बहुसंख्य ग्रामीण ख्रिस्ती आपापल्या मूळ गावीच राहिले आणि गावकीशी रोज वाटाघाट करीत त्यांनी आपली श्रद्धा जपली. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आत्मचरित्रे लिहिली. मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे व स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले आणि चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. अन्न, पाणी व गावकीचे काम हेच प्रश्न तेथेही केंद्रस्थानी होते. रोजच्या जगण्यात बदल झाल्यावाचून धर्माचा शब्द पोकळ राहतो, हे सत्य दोन्ही प्रवाहांनी आपापल्या मार्गाने जाणले होते. महारांची वतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

उघडे दार : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या त्यांच्या पत्रव्यवहारात दैनंदिन निष्ठेचे अनेक बारीक प्रश्न येतात. त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी आपल्या इंग्रज मार्गदर्शिकेस विचारला. पुरोहितांच्या अधिकारातून सुटका करून घेतल्यावर बिशपांच्या अधिकारापुढे सदसद्विवेक गहाण टाकण्यास त्या तयार नव्हत्या. वाँटेजच्या भगिनींना हा हट्ट वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने ती ख्रिस्तावरील निष्ठेचीच अट होती.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. विधवांच्या शिक्षणासाठी असलेल्या या संस्थेत धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे आश्वासन दिलेले होते. रमाबाई मुलींना धर्मोपदेश करीत नसत. परंतु आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह त्या नित्य प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. पालकांचा विश्वास हे सार्वजनिक संस्थेचे भांडवल असते आणि तटस्थतेचे आश्वासन गंभीर असते. सल्लागारांची भूमिका केवळ सनातनी वृत्तीतून आलेली नव्हती. त्यांपैकी अनेक जण स्त्रीशिक्षणाचे खंदे पुरस्कर्ते होते. दुसरीकडे, स्वतःच्या खोलीतील प्रार्थनेसाठी दार लावून घेणे म्हणजे श्रद्धेची लाज बाळगणे होय, असे रमाबाईंना वाटत होते. आचरण व प्रचार यांमधील सीमा कोठे आखावी, हा प्रश्न त्या उघड्या दाराने उभा केला. आजही धर्मनिष्ठ व्यक्ती सार्वजनिक संस्थेत काम करते तेव्हा हाच प्रश्न तिच्यापुढे येतो.

पुढे केडगाव येथे ‘मुक्ती’ या संस्थेत रमाबाईंनी निष्ठेला श्रमाची जोड दिली. १८९६–९७ व १९०० च्या दुष्काळांतून त्यांनी आणलेल्या मुली व स्त्रिया शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकल्या. प्रार्थनेची घंटा व कामाची घंटा एकाच दिनक्रमात वाजत असे. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीलाही वाचता यावे, हा त्या भाषांतराचा हेतू होता. ते छापण्याचे कामही मुक्तीतील स्त्रियांच्या हातून झाले.

संसार आणि श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळक

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांना या निर्णयाने अपार दुःख झाले. मुलगा देवदत्त यास घेऊन त्या काही वर्षे आप्तांच्या आधाराने पंढरपूर येथे राहिल्या. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात १८६६ चा एक कायदा अस्तित्वात होता. पती किंवा पत्नी ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने ठरावीक काळ सहवास नाकारला, तर धर्मांतरितास विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांनी हा मार्ग धरला नाही. त्यांनी वाट पाहिली आणि पत्रे व कविता लिहिल्या. देवाशी नवे नाते जोडताना जुने नाते तोडावयाचे नाही, ही त्यांच्या श्रद्धेची पहिली मोठी कसोटी होती.

लक्ष्मीबाईंचा प्रवास याहून अधिक उद्बोधक आहे. त्या अहमदनगरला पतीकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. नवऱ्याबरोबर राहूनही त्यांनी प्रारंभी आपले सोवळेओवळे पाळले. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. एकाच घरात दोन धर्म नांदत होते व त्यांच्यामधली सीमारेषा स्वयंपाकघरातून जात होती. पुढे जातिभेदाविषयी त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार सुरू केला. देवाने माणूस निर्माण केला. जाती कोणी निर्माण केल्या? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कोणा धर्मोपदेशकाकडे मागितले नाही. जात ही माणसाची निर्मिती आहे, असे एकदा मनाला पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये राहुरी येथे झाला.

येथील क्रम महत्त्वाचा आहे. नेहमीच्या कल्पनेप्रमाणे आधी बाप्तिस्मा होतो व मग आचरण बदलते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी पाण्याचा तांब्या बदलला, मग धर्म बदलला. बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याने त्यांची परीक्षा अधिक कठोरपणे घेतली होती. म्हणूनच त्यांची श्रद्धा पुढील आयुष्यातील हालअपेष्टांत डळमळली नाही. टिळकांचा दानशूर व लहरी स्वभाव, हातात न टिकणारा पैसा, घरात आणून ठेवलेली अनाथ मुले आणि अवेळी येणारे पाहुणे या सर्वांचा भार त्यांच्या चुलीवर पडे. पती परमार्थ करीत असता तो परमार्थ कोणाच्या श्रमावर उभा असतो, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातून लख्खपणे दिसते. त्यात तक्रार आहे, थट्टा आहे आणि तितकेच प्रेम आहे. स्वतःच्या अज्ञानावर व नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर त्या सारख्याच मोकळेपणाने हसतात. भक्तीचा आव आणावा लागत नाही इतकी ती त्यांच्या बोलण्यात मुरलेली आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले व मराठी आत्मचरित्रवाङ्मयात त्याने अढळ स्थान मिळविले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुमारे अकरा अध्यायांवर थांबले होते. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. पतीच्या मृत्यूनंतर त्याचे अपुरे काम रोज थोडेथोडे करीत राहणे, हेही निष्ठेचेच एक रूप होय.

गीत, कीर्तन आणि ‘देवाचा दरबार’

अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा टिळकांच्या आधीच सुरू झाली होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या पदांचा व कीर्तनांचा त्यात मोठा वाटा आहे. भाषांतरित इंग्रजी स्तोत्रे विलायती चालींवर म्हणताना ग्रामीण मंडळी अवघडत असत. टाळ, मृदंग व एकतारी हाती आल्यावर तीच मंडळी मोकळी झाली. टिळकांनी रचलेली पदे व अभंग ‘उपासना संगीत’ या ग्रंथातून घरोघर पोहोचले. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या या कवीने ख्रिस्ताला मराठी घरातील आईच्या, गुरूच्या व सख्याच्या नात्याने हाक मारली. परिणामी प्रार्थना रविवारपुरती राहिली नाही. शेतात, जात्यावर व वाटेवर ती म्हणता येऊ लागली.

टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले व १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करू लागले. तथापि मिशनचे वेतन, त्यातून येणारी मालक-नोकराची वृत्ती आणि मंडळीवरील परकी छाप यांबद्दल त्यांचे मन अस्वस्थ होत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने नवा प्रयत्न आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांनी तेथे बंधुभावाने एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले व तो प्रयत्न अल्पजीवी ठरला. परंतु त्यामागील प्रश्न टिकून राहिला. ज्या संस्थेने श्रद्धेची ओळख करून दिली, तिच्यापासूनच श्रद्धेच्या खातर दूर व्हावे लागले तर ती अनिष्ठा म्हणावी काय? टिळकांनी आपल्या कृतीने त्याचे उत्तर नकारार्थी दिले. रमाबाईंचे वाँटेजमधील वागणेही याच जातीचे होते.

स्वातंत्र्योत्तर काळातील कसोटी

स्वातंत्र्यानंतर मिशनसंस्थांचे कार्य हळूहळू भारतीय मंडळींच्या हाती आले. १९७० मध्ये विविध प्रॉटेस्टंट प्रवाहांच्या एकत्रीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. बलुतेपद्धती मोडली, विहिरी व शाळा कायद्याने सर्वांना खुल्या झाल्या. तथापि दैनंदिन निष्ठेची कसोटी नव्या रूपात पुढे आली. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र त्याबाहेर राहिले. या प्रश्नाच्या विचारासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

गावाने कालपर्यंत ज्याला अस्पृश्य मानले, त्याचा धर्म बदलल्याने गावाची वागणूक बदलतेच असे नाही. परंतु अर्जाच्या रकान्यात धर्माचे नाव लिहिताच त्याची सामाजिक स्थिती कागदावर बदलते. अशा वेळी मुलाच्या शिष्यवृत्तीचा विचार करणाऱ्या बापाला तो एक शब्द लिहिताना जो अंतर्गत संघर्ष करावा लागतो, तो शेषाद्रींच्या काळातील बलुतेदाराच्या संघर्षाहून फारसा वेगळा नाही. अशा कुटुंबांच्या निष्ठेविषयी बाहेरून निवाडा देणे सोपे आहे. त्या निष्ठेची किंमत समजून घेणे अधिक न्यायाचे ठरेल.

निष्कर्ष

१) मराठी ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धानिष्ठेचा खरा इतिहास धर्मांतराच्या प्रसंगापेक्षा त्यानंतरच्या अन्न, पाणी, श्रम, विवाह व उपासना यांच्या व्यवहारांत सापडतो.

२) निष्ठेची किंमत सर्वांना सारखी पडली नाही. उच्चवर्णीयांना घर व ज्ञाती यांचा त्याग करावा लागला. दलितांना गावकीच्या चौकटीत राहून उपजीविका धोक्यात घालावी लागली. बेथेलसारख्या प्रयत्नांनी श्रद्धेस लागणाऱ्या भौतिक आधाराची जाणीव करून दिली.

३) ख्रिस्तावरील निष्ठा व मिशनवरील निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे रमाबाई व टिळक यांनी आचरणाने दाखविले.

४) ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी, सांगळे यांचे कीर्तन व टिळकांचे अभंग यांमुळे ख्रिस्ती उपासना मराठी घराच्या दिनक्रमात सामावली. नामदेव-जनाबाईंच्या परंपरेने तयार केलेली जमीन त्यास उपकारक ठरली.

५) जातिभेद मिटविण्याच्या कामी ख्रिस्ती समाजाला पूर्ण यश आले नाही. एका प्याल्याचा विधी रोजच्या पंगतीपर्यंत पोहोचविण्याचे काम अद्याप अपुरे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनातून एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात येते. श्रद्धा एका दिवसात येत नाही व एका दिवसात सिद्धही होत नाही. मनाला पटलेले रोजच्या पाण्याच्या तांब्यापर्यंत आणि चुलीपर्यंत न्यावे लागते. जनाबाईंच्या जात्याने आणि लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराने दोन भिन्न धर्मपरंपरांत हीच गोष्ट सांगितली आहे. मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करताना मोठ्या परिषदा, खटले व वादविवाद यांच्या बरोबरीने या घरगुती साक्षींनाही स्थान द्यावयास हवे. विशेषतः ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत अशा ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबांतील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मौखिक आठवणी, घरगुती प्रार्थना व गीते संकलित करण्याचे काम ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी हाती घेतल्यास या इतिहासातील मोठी पोकळी भरून निघेल.